जंगलाच्या पैशातून पाळणाघर : बसवकल्याण-चिंचोळी भागात हे गणित जुळेल का?

बसवकल्याण : तुरीच्या राशी सुरू झाल्या की सीमाभागात बायकांच्या हाताला एकदम मागणी येते. तूर संपते न संपते तोवर हरभरा, आणि त्याच दिवसांत ऊस. कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बसला तिकीट लागत नाही, त्यामुळे शेजारच्या गावीच नव्हे तर दहा-पंधरा मैलांवरही कामाला जाता येतं. अडतं ते एकाच ठिकाणी : घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू असेल तर ते ठेवायचं कुठं?

उपाय तीनच. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची, सासूच्या गळ्यात टाकायचं, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीला शाळेतून घरी बसवायचं. हुलसूर, बसवकल्याण, भालकीच्या तांड्यांत नि वाड्यांत तिन्ही उपाय चालतात. तिसऱ्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते, आणि ती कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

दोन्हीकडच्या सरकारांनी बायकांच्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे. इकडे गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000 रुपये, पलीकडे निलंगा-उमरग्याला लाडक्या बहिणीचे 1,500. त्याचा आधार आहेच, नाही कोण म्हणतं? पण लेकराला दिवसभर सांभाळणारं माणूस त्या पैशातून मिळत नाही. ती सोय गावानं मिळून करायची गोष्ट आहे, आणि तिला दर महिन्याला पैसा लागतो.

हा पैसा आणायचा कुठून, या प्रश्नावर अलीकडे एक उत्तर ऐकू येतं. सरकारी जंगल हे सगळ्यांचं, मग त्याचं उत्पन्न लेकरांवर का खर्च करू नये? कल्पना चांगली आहे. काही ठिकाणी तिच्या जवळपासचे प्रयोग झालेतही. पण आपल्या भागात ती कितपत लागू पडते, हे पाहायचं तर आधी खर्च मांडावा लागतो.

अंगणवाडी आहे की, मग पाळणाघर कशाला?

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथं बसतात, शिकतात, जेवतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र घरी नेण्यासाठी पोषण आहार मिळतो. त्याला तिथं दिवसभर ठेवून कामाला जाता येत नाही. आणि आईची खरी अडचण याच वयात असते.

ही फट भरायला दोन योजना आहेत. केंद्राची 'पालना' योजना 2022 पासून मिशन शक्तीखाली आली. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं महिन्यातले 26 दिवस, रोज साडेसात तास सांभाळायची, असं ठरलं आहे. खर्च केंद्राचा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के. दुसरी कर्नाटकाची 'कूसिन मने', म्हणजे बाळाचं घर. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या 2023-24 च्या अर्थसंकल्पात 4,000 ग्रामपंचायतींसाठी ती जाहीर झाली. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची तीन वर्षांच्या आतली लेकरं इथं ठेवायची, आणि सांभाळणाऱ्या बायकाही जॉब कार्डवाल्याच. त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन पाळीपाळीनं काम द्यायचं, मजुरी रोजगार हमीतून.

रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात ही सोय आधीपासून होती, हे पुष्कळांना माहीत नाही. कामाच्या जागी पाच किंवा त्याहून जास्त लहान मुलं असली तर एका बाईला ती सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. कागदावर लिहिलेलं ते कागदावरच राहिलं, म्हणून तर वेगळी योजना काढावी लागली.

खर्च किती येतो?

समजा एका केंद्रात 20 लेकरं आहेत आणि सांभाळायला दोन बायका. 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी कर्नाटकात 370 रुपये आहे (महाराष्ट्रात 312). कर्नाटकाच्या दरानं दोघींचे 26 दिवसांचे 19,240 रुपये होतात, वर्षाचे 2,30,880. प्रत्येक लेकराच्या खाण्यापिण्याला दिवसाला 20 रुपये धरले, आणि यात दूध-अंडं रोज बसत नाही, तरी वर्षाला 1,24,800. झाली बेरीज 3,55,680. साबण, औषधं, गॅस, वीज, फाटलेल्या चटया धरून सरळ चार लाख म्हणा.

म्हणजे एका लेकरामागे महिन्याला साधारण 1,667 रुपये. हे सगळे आईबापांकडून घ्यायचे ठरवले तर रोजगार हमीची साडेचार दिवसांची मजुरी त्यात जाते. कोण देईल? महिन्याला 200 रुपये घेतले तर वर्षाचे 48,000 जमतात. उरलेले साडेतीन लाख दुसरीकडून यायला हवेत, आणि दर वर्षी यायला हवेत.

या चार लाखांत निम्म्याहून जास्त रक्कम मजुरीची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. खोली एकदाच बांधावी लागते, खेळणी एकदा आणली की दोन-तीन वर्षं जातात. सांभाळणारीचा पगार मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तो दोन महिने थकला की ती दुसऱ्या कामाला जाते, केंद्राला कुलूप लागतं आणि लेकरं पुन्हा झोळीत. पाळणाघराच्या कुठल्याही योजनेत पहिल्यांदा हेच तपासावं.

जंगलाचा पैसा सध्या जातो कुठं?

वनखात्यानं लाकूड विकलं, लिलाव केला, दंड घेतला, की तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून तो रस्त्याला जातो की पगाराला, हे विधानसभा ठरवते. जंगलाचा रुपया नि दारूच्या अबकारीचा रुपया तिथं एकाच तिजोरीत पडतात, वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे 'जंगलाच्या उत्पन्नातून पाळणाघर' हवं असेल तर पैसा त्या तिजोरीत पडण्याआधी बाजूला काढण्याची कायदेशीर सोय लागते.

अशा सोयी थोड्या आहेत. एक, जंगलाची जमीन रस्त्याला, खाणीला, वीजवाहिनीला दिली की तिच्या बदल्यात जमा होणारी भरपाई. तिच्यासाठी 2016 चा वेगळा कायदा आहे, त्यातला 90 टक्के पैसा राज्यांना मिळतो. पण तो झाडं लावायला, जंगल राखायला, वन्यप्राण्यांसाठी वापरायचा आहे; पाळणाघराला तिथं जागा नाही. दुसरी, व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठानं. ताडोबात पर्यटकांच्या प्रवेश शुल्काचा पैसा अशा प्रतिष्ठानात राहतो आणि त्यातला काही भाग भोवतालच्या गावांवर खर्च होतो. आपल्याकडे ताडोबा नाही. चिंचोळीचं अभयारण्य 2011 चं, सुमारे 135 चौरस किलोमीटरचं. चंद्रमपल्लीचं धरण नि तिथली झाडी पाहायला माणसं येतात, पण वाघाच्या गेटवर जमतो तसा पैसा तिथं जमेल, ही अपेक्षा धरून चालणार नाही.

तिसरी सोय गावाच्या जास्त जवळची. कर्नाटकात 1993 पासून संयुक्त वन व्यवस्थापनाखाली ग्राम अरण्य समित्या झाल्या. गावकरी अध्यक्ष, वनखात्याचा माणूस सचिव. समितीनं राखलेल्या जागेतलं उत्पन्न वाटून घ्यायचं, समितीच्या वाट्यातलं काही गावविकासाला, काही पुन्हा झाडांना. कल्पना उत्तम. पण आपल्या गावात अशी समिती आहे का, तिचं पासबुक कोणाकडे आहे, हे किती गावकऱ्यांना ठाऊक असतं?

मेंढा-लेखानं काय केलं?

जंगलाचं उत्पन्न गावाच्या हाती आलं की काय होतं, याचं मराठी मुलखातलं सगळ्यात ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. धानोरा तालुक्यातलं साधारण शंभर घरांचं गोंड गाव. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, पण बांबू तोडून बाहेर विकायला वाहतूक पास लागतो, आणि तो वनखात्याच्या हाती. यावरून दोन वर्षं ओढाताण चालली. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या लढ्याशी जोडलेली आहेत.

बांबूची पहिली विक्री झाली तेव्हा लाखांच्या घरातला पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात आला. वनखात्याची मजुरी नव्हे, सरकारचं अनुदान नव्हे, गावाचं स्वतःचं उत्पन्न. या गावात त्याआधीपासून ग्रामकोश होता. गावातल्या कामांच्या मजुरीतला दहावा हिस्सा त्यात टाकायची रीत होती. म्हणजे पैसा आला तेव्हा तो ठेवायची जागा, हिशेब लिहायची सवय आणि सगळ्यांनी बसून ठरवायची शिस्त तयार होती. मेंढ्याची गोष्ट सांगताना लोक बांबू सांगतात आणि ही वही विसरतात.

पुढं पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये आले आणि गडचिरोली-गोंदियातल्या पुष्कळ ग्रामसभा तेंदूपानाचाही लिलाव स्वतः करू लागल्या. तेंदूच्या हंगामात बायका पहाटे रानात जातात, पानं तोडतात, दुपारी अंगणात बसून 70 पानांचा एक असे पुडे बांधतात. लेकरू तिथंच मांडीशी. हे काम उन्हाळ्याच्या तोंडी, एप्रिल-मेमध्ये. पैसा येतो तो तेव्हाच, वर्षातून एकदा. आणि भाव लिलावाच्या लहरीवर : एका वर्षी चढतो, पुढल्या वर्षी पडतो. वर तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी बसलेला होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये 5 टक्क्यांवर आणला.

हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर जमा हंगामी आणि चंचल, खर्च मासिक आणि ठाम. अशी जमा थेट पगाराला बांधली की संस्था एखाद्या वाईट वर्षात बुडते.

पान रानातून निघतं, सोलापूरला पोचतं

तेच तेंदूपान पुढं सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपात येतं. बिडी कामगारांसाठी 1966 चा कायदा होता, त्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका एका जागी कामाला असल्या तर पाळणाघर द्यायचं बंधन होतं. पण विड्या घरी वळायला दिल्या की 'एका जागी' कोणीच नाही. बंधन आपोआप सुटलं! रानात पान तोडणारी आणि सोलापुरात ते वळणारी, दोघींच्या शेजारी लेकरू, आणि मधल्या साखळीत कोणाच्याच खर्चात ते लेकरू नाही.

बिडीवर मात्र एक चांगली गोष्ट होती. 1976 च्या कायद्यानं हजार विड्यांमागे थोडा उपकर घेऊन त्याचा कल्याण निधी केला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरं यावर तो खर्च होई. जंगलातल्या एका पानावर उभ्या असलेल्या धंद्यातून कामगारांच्या लेकरांसाठी पैसा बाजूला काढायची ही रीत चाळीस वर्षं चालली. 2017 मध्ये जीएसटी आला, उपकर गेला, आणि योजना अर्थसंकल्पाच्या भरवशावर आल्या.

आपल्याकडचं जंगल आणि आपल्याकडचे हक्क

आता बसवकल्याण. बिदर जिल्हा 5,448 चौरस किलोमीटरचा, पण दाट जंगल त्यात फार थोडं. माळ, मुरमाड टेकड्या, खुरटी झुडपं, कुठं सीताफळ, कुठं गवत, कुठं वनखात्यानं लावलेलं निलगिरी-बाभूळ. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीकडे तेवढी खरी झाडी. गडचिरोलीचा बांबू इथं नाही.

कायदाही इथं वेगळा लागतो. पेसा लागू होतो तो पाचव्या अनुसूचीतल्या भागाला. कर्नाटकात असा भाग मुळीच नाही. मराठवाड्यातला असा भाग म्हटला तर नांदेडकडचं किनवट. त्यामुळे आपल्याकडे हाती राहतो तो फक्त वनहक्क कायदा, आणि त्याची सीमाभागात मोठी गंमत आहे. गंमत म्हणायची खरी, भोगणाऱ्याला ती गंमत नाही.

लमाणी समाज तिन्ही राज्यांत आहे, तांड्यातांड्यांत सोयरिकी आहेत. पण तेलंगणात तो 1976 पासून अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं. बाकीच्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. 75 वर्षं मागं गेलं की आपण निजामाच्या राज्यात पोचतो. तेव्हा निलंगा, उदगीर नि हा भाग एकाच बिदर जिल्ह्यात होता, बसवकल्याणला जहागीर होती, कागद उर्दूत. तांड्यावरचा माणूस तो कागद कुठून आणणार? झहीराबादेतल्या मेहुण्याला जे मिळू शकतं ते बसवकल्याणच्या भाऊजीला मिळत नाही.

या कायद्यातलं एक कलम मात्र सगळ्यांच्या कामाचं आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कलम 3(2) प्रमाणे गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. ज्या सोयींची यादी दिली आहे तीत शाळा, दवाखाना, रेशन दुकान यांच्याबरोबर अंगणवाडी स्पष्ट लिहिलेली आहे. अटी दोनच मोठ्या : हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. वनजमिनीवर वसलेल्या तांड्यावर 'जागा नाही म्हणून अंगणवाडी नाही' असं उत्तर मिळालं तर हे कलम दाखवता येतं. आणि जिथं अंगणवाडी आहे तिथं पालना योजनेतलं पाळणाघर जोडता येतं. जंगलाकडून पैसा मिळाला नाही तरी जागा मिळू शकते, आणि जागा हाही पैसाच आहे.

अमेरिकेत काय घडलं?

जगात या विषयावर सगळ्यात जास्त बोललं जातं ते अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याबद्दल. तिथं संघराज्यानं राज्याला शाळांसाठी म्हणून लाखो एकर सार्वजनिक जमीन दिली होती. 1912 मध्ये ते रीतसर राज्य झालं. त्या जमिनीचं उत्पन्न खर्च न करता एका कायम निधीत साठवत गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये लोकांनी मतदानानं घटनादुरुस्ती केली : दर वर्षी निधीतून आणखी सव्वा टक्का काढायचा आणि त्यातला मोठा वाटा लहान मुलांच्या संगोपनाला द्यायचा. साधारण 70 टक्के मतं बाजूनं पडली. नोव्हेंबर 2025 पासून तिथं उत्पन्नाची अट न ठेवता सगळ्यांना पाळणाघर मोफत केलं आहे.

ऐकायला छान आहे, पण दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. त्या जमिनीतून मुख्यतः तेल नि वायू निघतो, लाकूड नव्हे. आणि निधी शंभर वर्षं साठत होता.

लाकडावर विसंबलेल्यांचं काय झालं तेही त्याच देशात दिसतं. 1908 च्या कायद्यानं राष्ट्रीय जंगलांच्या उत्पन्नातला 25 टक्के वाटा तिथल्या शाळा नि रस्त्यांना मिळायचा. 1990 नंतर जंगलं वाचवण्यासाठी तोड कमी झाली आणि ओरेगनसारख्या भागातल्या शाळांचा पैसा आटला. 2000 साली संसदेला वेगळा कायदा करून तिजोरीतून भरपाई द्यावी लागली. लेकरांचा खर्च झाडांच्या तोडीवर टांगला की गावाला एकतर जंगल तोडावं लागतं, नाहीतर शाळा उपाशी ठेवावी लागते. आपल्या उघड्या माळांवर तर हा मार्ग धरूच नये.

ठेव करायची की खर्च करायचा?

घरच्या जवळची उदाहरणंही आहेत. गोव्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं लोहखनिजाच्या विक्रीतले 10 टक्के एका कायम निधीत टाकायचं ठरलं, पुढच्या पिढ्यांसाठी. महाराष्ट्रानं रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोचला. आणि अलीकडे, 2021 मध्ये, ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं. बिदर-कलबुर्गीतही कारखाने आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या इथूनही जातात, इथंही येतात. टनामागे दहा रुपयांचा विचार इथं कोणी मांडलेला दिसत नाही. माळावरच्या सीताफळापेक्षा उसाच्या टनात जास्त पैसा आहे, हे कोणी सांगायला नको.

ठेवीचं गणित सोपं आहे. वर्षाला चार लाख हवेत आणि व्याज सात टक्के मिळतं असं धरलं, तर 57 लाखांची ठेव लागते. महागाई धरली तर त्याहून जास्त. एखाद्या ग्राम अरण्य समितीला सीताफळ, गवत यातून वर्षाला 50,000 रुपये सुटले असं समजलं तरी, साठवलेल्या रकमेवरचं व्याज धरलं नाही तर, एवढी ठेव जमायला शंभराहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे या भागात जंगलाच्या पैशावर पाळणाघराचा पगार चालणार नाही. हे स्पष्ट बोललेलं बरं.

पण त्याच 50,000 मध्ये दुसरं काय होतं ते पाहा. 20 लेकरांच्या वर्षाच्या खाण्याचा 40 टक्के खर्च निघतो. रोज अंडं नाहीतर दूध देता येतं. पगार सरकारी योजनेतून आणि ताटातली भर गावाच्या रानातून, अशी वाटणी इथं बसू शकते. हंगाम वाईट गेला तर अंडं आठवड्यातून तीनदा होईल. कुलूप तरी लागणार नाही.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या जंगलातल्या गावांत जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था 2006 पासून 'फुलवारी' चालवत आली आहे. तीन वर्षांच्या आतली लेकरं, गावातलीच बाई, गावातलंच घर, शिजवलेलं अन्न. तिथं भर इमारतीवर नाही, खाण्यावर आहे. आपल्याकडे योजना आली की पहिल्यांदा कंत्राट निघतं ते रंगरंगोटीचं.

आणखी एक जागा आहे. वनखात्याच्या रोपवाटिकांत पिशव्या भरायला, रोपं लावायला बायकाच असतात. वनखातं हे तिथं जंगलाचं राखणदार नसून मालक आहे, मजूर लावणारं. रोपवाटिकेच्या अंदाजपत्रकात माती, खत, पाणी, पिशव्या यांची ओळ असते, तशी लेकरं सांभाळणाऱ्या एका बाईची ओळ घालायला वेगळा निधी लागत नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीला नि पुढं कोसबाडला वारली मुलांसाठी काम केलं तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर गुरं चारतात त्या कुरणातच शाळा नेली होती. अंगणवाडीची मुळं तिथलीच. राज्याचे वनमंत्री ईश्वर खंड्रे मे 2023 पासून हे खातं सांभाळतात आणि ते भालकीचेच. त्यामुळे ही मागणी घेऊन फार लांब जायलाही नको.

पगाराची बाजू डळमळती

मुख्य काळजी मात्र पगाराचीच. रोजगार हमीच्या जुन्या कायद्यात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस 125 आहेत, पण कर्नाटक-महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे. कूसिन मनेतल्या बायकांची मजुरी याच वाटेनं येते. राज्याचा हात आखडला तर पहिली झळ कुठं लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. कल्याण कर्नाटकाला घटनेच्या 371(जे) कलमाखाली वेगळं विकास मंडळ आहे आणि त्याच्यासाठी वर्षाला 5,000 कोटींची घोषणा झालेली आहे. एकदाच लागणारा खर्च, खोली, संडास, पाण्याची सोय, तिथून मागता येतो.

दिवसांचा हिशेबही पंचायतीनं आधी लावायला हवा. महिन्याला 26 प्रमाणे वर्षाचे 312 दिवस, दोन बायका, म्हणजे 624 मनुष्यदिवस. एका घराला 100 दिवसांची मर्यादा धरली तर सात घरांतल्या बायका तयार लागतात, 125 ची धरली तर पाच. तीन-चार जणींवर केंद्र सुरू केलं तर त्यांचे दिवस मध्येच संपतात. जूनमध्ये उघडलेलं केंद्र दोघींच्या बळावर सप्टेंबरच्या शेवटी बंद पडतं, आणि तुरीची रास असते डिसेंबर-जानेवारीत. पीडीओकडे पाळीची यादी मागितली की आपल्या पंचायतीत किती नावं आहेत ते कळतं. त्याच वेळी ग्राम अरण्य समितीचं पासबुक मागायलाही वेगळा अर्ज लागत नाही. ग्रामसभेत उभं राहून विचारलं तरी चालतं.